गावच्या घरी एकटी आई: कोकणात सेवाभावी वृद्धनिवास किंवा घरपोच शुश्रूषेचा अनुभव कुणाला आहे का?

ओटीवरची (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज सगळं एकदम लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आई ८१ वर्षांची. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, चिऱ्याच्या घरात एकटी राहायची. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही दोघं भावंडं, मी डोंबिवलीला, दादा नाशिकला. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच आमचं जाणं. उरलेलं वर्ष ती, तिची तुळस, एक मांजर आणि शेजारची काकी.

गेल्या जुलैत पहाटे ती न्हाणीत पडली. आमची न्हाणी मागीलदारी, पडवीतून तीन पायऱ्या उतरून. लाईट गेलेली, पाऊस कोसळत होता. तिने हाका मारल्या, पण कौलांवरच्या पावसात कुणाला ऐकू जाणार? साडेसातला काकी दूध घेऊन आली तर पुढचं दार आतून बंद. ती घराला वळसा घालून मागे गेली. आई दगडी डोणीला टेकून बसली होती, लुगडं चिंब, ओठ निळे पडलेले. खुबा मोडला होता.

१०८ आली, पण ती वर रस्त्यावर. आमचं घर रस्त्यापासून बासष्ट पायऱ्या खाली, आणि जुलैत त्या घाटीवर शेवाळ. वाडीतल्या चौघांनी आईला बाबांच्या आरामखुर्चीत बसवलं, खुर्चीला दोन बांबू बांधले आणि वर नेलं. त्या चौघांतला सगळ्यात तरुण माणूस ५४ वर्षांचा होता. काकीने हे सहज सांगितलं, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. आमच्या वाडीत आता उचलणारेही म्हातारे व्हायला लागलेत.

डेरवणच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मग तिला डोंबिवलीला आणलं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाईप दिसतात. रोज सकाळी ती विचारायची, "आज भरती किती वाजता गो?" मी मोबाईलवर बघून सांगायचे. एकदा घाईत चुकीची तारीख बघितली आणि दहा म्हटलं. ती म्हणाली, "आज पंचमी ना? मग दहाला कशी येईल? चारच्या सुमाराला." तिचंच बरोबर होतं. डोकं इतकं शाबूत असलेली बाई पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. डिसेंबरात तिने जेवण सोडल्यासारखंच केलं आणि सरळ सांगितलं, "मला समुद्राच्या बाजूला कुठेही ठेव, पण इथे नको."

म्हणून जानेवारीत रजा काढली आणि चिपळूण ते रत्नागिरी या पट्ट्यात चार ठिकाणं बघितली. चारही ठिकाणी ना नफा तत्त्वावर काम चालतं असं सांगितलं गेलं. नावं लिहीत नाही, कारण एका भेटीत बघितलेल्यावर कुणाचं नाव खराब करायचं नाही.

एका ठिकाणी इमारत नवी, फरशी इतकी गुळगुळीत की मीच घसरले असते. तीसेक आजी-आजोबा, दिवसा दोन मावशी. मी विचारलं, रात्री कोण असतं? "गेटवर वॉचमन असतो ना." म्हटलं, माझ्या आईला रात्री दोनला बाथरूमला जायचं झालं तर? व्यवस्थापक बाई शांतपणे म्हणाल्या, "रात्री आम्ही सगळ्यांना डायपर घालतो." माझी आई कधीही अंथरुणात करत नाही. धड चालता-बोलता येणाऱ्या माणसाला रात्रपाळीला कुणी नाही म्हणून डायपर लावायचा? त्या बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या दिसल्या. पण मी तिथून निघाले.

दुसरं ठिकाण अगदी उलट. एक जोडपं आपल्या जुन्या घरात अकरा जणांना सांभाळतं. कुळथाच्या पिठीचा वास सुटलेला, ओटीवर एक आजी सुपात तांदूळ निवडत होत्या, दुसऱ्या त्यांना कालची सिरियल सांगत होत्या. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण "अंथरुणाला खिळलं तर न्यावं लागेल, आमच्यात तेवढी ताकद नाही" हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्यांच्या प्रामाणिकपणाचा मान राखते. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणीही छापील फॉर्मवर तीच अट होती: "स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश."

म्हणजे जोवर फारशी गरज नाही तोवर जागा आहे, आणि खरी गरज लागली की दार बंद. माझा प्रश्न एवढाच आहे. आपल्या किनारपट्टीवर शेवटपर्यंत सांभाळणारी, रात्री जागं माणूस ठेवणारी सोय कुठे आहे का? किंवा आई घरीच राहील आणि सेवा तिच्याकडे येईल असं कुणी जमवलंय का?

---

शुभ्र_टोपी

ताई, वाचताना अंगावर काटा आला. मी निवृत्त परिचारिका आहे, बरीचशी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात झाली. तुम्ही विचारलेला रात्रीचा प्रश्न अगदी योग्य आहे. पूर्ण झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचेवर जखमा होतात. त्या दिवसाही होऊ शकतात, पण रात्रीचा धोका मोठा, कारण रात्री कुणी बदलत नाही. कुठलंही ठिकाण बघायला गेलात तर झोपून असलेल्या एखाद्या आजींच्या टाचा बघायची परवानगी मागा. टाचा चांगल्या असतील तर बाकीचं बरंचसं चांगलं असतं.

आणखी एक. म्हातारं माणूस दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर "आता वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवीन सुरू झालेली गोळी, कारण यातलंच काहीतरी असू शकतं आणि उपचाराने माणूस पुन्हा भानावर येतं. ऑपरेशननंतरही काही दिवस असं होऊ शकतं. एका आजींना घरच्यांनी भूतबाधा म्हणून तीन दिवस अंगारा लावला होता, ताप मोजलाच नव्हता.

घरी ठेवायचं ठरलं तर पहिलं काम न्हाणीचं. मागीलदारच्या पायऱ्या बंद करा, माजघराला लागून संडास-न्हाणी एकत्र करून घ्या. धरायला दांडी लावताना गवंड्याला सांगा की चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवू नकोस, आत सिमेंट भरून पक्कं कर. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा रात्रभर चालू हवा, कारण आपल्याकडे वारा सुटला की लाईट जाते. खाट इतकीच उंच की बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकतील. पायपुसणी सगळी फेकून द्या, अगदी सगळी.

---

खाडीपलीकडे

माफ करा, पण मला हे वाचून वाईट वाटलं. जिने जन्म दिला तिला आश्रमात टाकायचं? आमच्या आजोबांचं सगळं आईने घरातच केलं. हे शहरी विचार आता कोकणातही आले म्हणायचे.

---

ओटीवरची

@खाडीपलीकडे, "टाकायचं" हा शब्द मी वापरलेला नाही, तुम्ही वापरलात. तुमच्या आजोबांचं सगळं तुमच्या आईने केलं, त्यांना माझा नमस्कार. त्यांची स्वतःची पाठ, झोप, नोकरी, माहेरपण यांचं काय झालं हे त्यांना एकदा विचाराल का? मी आईला पाच महिने घरी ठेवलं आणि ती माझ्या घरी वाळत गेली. घरात ठेवणं आणि सांभाळणं यात अंतर पडतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

---

खाडीपलीकडे

विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या चार वर्षांत मी एकदाही माहेरी गणपतीला गेले नव्हते. शब्द मागे घेतो, ताई.

---

मालवणी_झील

माजी आवस मालवणाक. ती म्हणता, "माका खंयंय नेव नको, मी हयच रवतलंय." मी दुबईत, बायको-पोरा पुण्यात. काय करूचा तां समाजत नाय.

कुडाळ तालुक्यात पणदूरला संविता आश्रम आहे, तिथे निराधार, रस्त्यावर सापडलेल्या, घरच्यांनी सोडलेल्या माणसांना सांभाळतात. मी दोनदा जाऊन आलो, मोठं काम आहे. पण तिथली जागा ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी. माझ्या आवशीला मी आहे, पैसेही आहेत, आणि तरी ती एकटी आहे. आमच्यासारख्यांसाठी मधलं काहीच नाही.

---

सातबारा

कायद्याचं थोडं लिहितो, कारण दर मे महिन्यात मला हेच विचारतात.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा. साठी ओलांडलेल्या ज्या व्यक्तीला स्वतःच्या उत्पन्नातून भागवता येत नाही, तिला पोटगीसाठी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे), अर्ज करता येतो. वकील करावा लागत नाही. मुलांना नोटीस लागू झाल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवस घेऊन निकाल द्यायचा असतो. कायद्यात दरमहा कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. ज्यांना मूलबाळ नाही त्यांना, ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे त्याच्याकडून मागता येते. कोकणात हे फार उपयोगी, कारण निपुत्रिक काका-काकूंच्या कलमांच्या बागेवर डोळा सगळ्यांचा असतो आणि औषधाला कुणी नसतो.

याच कायद्यातलं कलम २३ लक्षात ठेवा. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन बक्षीसपत्राने दिली आणि समोरच्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आईने मुलाला दिलेल्या घराच्या प्रकरणात, न्यायाधिकरण ताबाही परत द्यायला सांगू शकतं असं म्हटलं. पण भांडणाची वेळच का आणायची? ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. "प्रेमापोटी देत आहे" एवढ्यावर सही करू नका.

हेच संस्थांनाही लागू. "घर संस्थेच्या नावावर करा, आम्ही आजन्म सांभाळू" असा प्रस्ताव आला तर आधी सातबारा बघा. आपल्याकडची निम्मी घरं सामायिक, एकट्या आईला ते देताच येणार नाही. मग संस्थेचा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी क्रमांक घ्या आणि धर्मादाय कार्यालयात हिशेबपत्रकं बघा. नोंदलेल्या न्यासाला आपली स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, ही तुमच्यासाठीही सुरक्षा आहे. आणि डिपॉझिट की देणगी, हे पावतीवर काय लिहिलंय ते वाचा. डिपॉझिट परत मागता येतं, देणगी येत नाही. एका ओळखीच्या कुटुंबाने तीन लाख "डिपॉझिट" दिले, पावतीवर "इमारत निधीस देणगी" लिहिलेलं होतं. आजोबा दीड महिन्यात गेले.

त्याच कायद्यात कलम १९ आहे. किमान १५० गरीब ज्येष्ठ राहू शकतील असा वृद्धाश्रम प्रत्येक जिल्ह्यात राज्य सरकार उभारू शकेल, असं त्यात म्हटलंय. उभारेल नाही, उभारू शकेल. सगळं तिथेच अडलं.

---

पूररेषा

छोटी पण महत्त्वाची सूचना. चिपळूण, खेड, राजापूर अशा नदीकाठच्या गावांत संस्था बघत असाल तर जोतं किती उंच आणि २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दाखवायला सांगा. त्या रात्री आम्ही शेजारच्या आजोबांना माळ्यावर चढवलं, ते चढताना म्हणत होते मला राहू दे, तुम्ही जा. एका जागी वीस-पंचवीस अंथरुणावरची माणसं असतील तर त्यांना वर कोण नेणार? दापोली-मंडणगडकडच्यांनी जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर किती दिवस वीज नव्हती ते आठवावं. ऑक्सिजनचं यंत्र आणि हवेची गादी दोन्ही विजेवर चालतात.

---

विश्वस्त_एक

मी अशाच एका छोट्या संस्थेचा विश्वस्त आहे. २२ जण राहतात. डायपरबद्दल वाचून मान खाली गेली, कारण आमच्याकडेही एक काळ असा होता.

आतली गोष्ट सांगतो. पुण्यतिथीला, वाढदिवसाला जेवण देणारे खूप मिळतात. श्राद्धपक्षात तर एका दिवसाला तीन-तीन जण विचारतात, मग आजी-आजोबांना सकाळ-संध्याकाळ शिरा-पुरी, आणि निम्म्यांना मधुमेह. ब्लँकेट्स येतात, साड्या येतात, व्हीलचेअर येतात. पण रात्रपाळीच्या मावशींचा पगार द्यायला कुणी पुढे येत नाही. पगारावर कुणाच्या नावाची पाटी लावता येत नाही ना. आमच्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग माणसांचा, आणि देणगीतला सगळ्यात छोटा भागही तोच.

दुसरं म्हणजे माणसंच नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाची ८.६९ वरून ८.५० लाखांवर. सगळं राज्य वाढत होतं आणि आपण कमी होत होतो. परिचर्या शिकलेली मुलगी मुंबईला जाते, तिला तिथे दुप्पट मिळतात. तिला दोष कसा देणार? आम्ही शेवटी गावातल्याच तीन बायकांना जिल्हा रुग्णालयातल्या सिस्टरांकडून शिकवून घेतलं: उचलायचं कसं, कूस कशी बदलायची, नळीतून कसं भरवायचं. त्यातल्या दोघी अजून आहेत. तेव्हापासून झोपून असलेल्यांनाही ठेवतो, पण एका वेळी चारच. पाचव्याला नाही म्हणताना फार त्रास होतो.

पैशांचं विचारायला संकोच करू नका. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमाला, राहणं-जेवण-देखभाल धरून महिन्याला माणशी २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. तुमच्या पावतीवर कुणी लावला असेल तर विचारा. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून निराधारांच्या निवासाला आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभाल केंद्राला अनुदान मिळतं, छोट्या संस्थांनी तिकडे जरूर अर्ज करावा.

---

बाकावरून

मी ७७ वर्षांचा. एका सेवाभावी निवासात तीन वर्षं राहतोय, माझ्या मर्जीने आलो. बायको गेली, मुलगी बंगळूरला. ती ने म्हणत होती, मी नाही म्हटलं. इथून खाडी दिसते.

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय ते चांगलंच आहे. राहणारा म्हणून मला काय लागतं ते मी सांगतो. माझ्या कपाटाची चावी माझ्याकडे आहे, तिसऱ्या महिन्यात भांडून घेतली. आधी सगळ्यांच्या चाव्या ऑफिसात असायच्या, रुमाल हवा तरी मागायला जावं लागे. पहाटे पाचला मला चहा लागतो. इथे सात वाजता मिळायचा. दोन तास माणूस काय करणार? आता स्वयंपाकघराबाहेर गॅसची छोटी शेगडी आणि किटली ठेवली आहे, आम्ही चौघं पाळीपाळीने करतो. ज्या दिवशी माझी पाळी असते त्या दिवशी मला साडेचारलाच जाग येते, आणि ती जाग मला आवडते.

पंच्याहत्तरी झाली तेव्हापासून एसटी मोफत आहे. महिन्यातून दोनदा मी सकाळच्या गाडीने माझ्या जुन्या गावी जातो, देवळात बसतो, संध्याकाळच्या गाडीने परत. पहिल्यांदा संस्थेने नातेवाइकांची लेखी परवानगी मागितली. मी म्हटलं, ३४ वर्षं शिक्षक होतो, हजारो मुलांच्या सहलींच्या परवानग्या मी दिल्यात. आता फक्त वहीत लिहून जातो.

मुली, आईसाठी जागा बघशील तेव्हा तिला घेऊन जा. तिला दिवसभर तिथे बसू दे. तुला नाही, तिला विचार.

---

वाडीतली_सून

इतके दिवस वाचत होते, लिहायचा धीर होत नव्हता. मी त्या ताईंच्या शेजारच्या काकींसारखीच एक आहे. गुहागरची नाही, पण अशीच.

आमच्या वाडीत सतरा घरं, त्यातली आठ बंद. उरलेल्यांत पाच घरांत एकेक म्हातारं माणूस. माझ्या सासूबाई धरून सहा जणांचं मी बघते. कुणाची गोळी, कुणाचं रेशन, कुणाला डोळ्याच्या तपासणीला नेणं. मुंबईहून फोन येतात, "वहिनी, जरा आईकडे डोकावून ये ना." मी जाते. मला त्यात वाईट वाटत नाही, त्या सगळ्यांनी माझ्या मुलांना खेळवलंय. पण गणपतीला सगळे येतात, मला एक साडी देतात, आणि "तू आहेस म्हणून आम्ही निश्चिंत" म्हणतात. मी आहे म्हणून तुम्ही निश्चिंत, मग मी कुणाच्या भरवशावर?

काजूच्या फॅक्टरीत गेले असते तर रोज मिळाला असता. दोन वर्षांपूर्वी बोलावलंही होतं. पण मग या सहा जणांचं कोण बघणार म्हणून गेले नाही. माझा नवरा म्हणतो तू सांगत का नाहीस त्यांना. आज सांगितलं.

रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या मोजणीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या हे शाळेत मुलाच्या पुस्तकात वाचलं. बाहेरचे लोक त्याचं कौतुक करतात. पुरुष मुंबईला गेले म्हणून तो आकडा तसा आहे, आणि मागे राहिलेल्या आम्ही सगळ्यांच्या आई-बापांना सांभाळतोय.

---

शुभ्र_टोपी

@वाडीतली_सून, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. उत्तर केरळात मलप्पुरम-कोळिकोड बाजूला पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं काम असंच उभं राहिलं आहे. गावातले स्वयंसेवक, आठवड्याच्या फेरीला नर्स, गरजेपुरते डॉक्टर, आणि पुढे पंचायतींनी त्यात पैसे घातले. तिथलाही किनारा आपल्यासारखाच, पाऊस तसाच, घरातले तरुण आखातात गेलेले. मोठी इमारत न बांधता ते घराघरात पोहोचले. फक्त आपल्याकडे सुरू करायचं तर पहिल्या दिवसापासून तुमच्यासारखीला पगार हवा, हे माझं ठाम मत.

---

ओटीवरची

खूप दिवसांनी लिहिते आहे. मधे बरंच झालं.

वाडीतली_सून यांचं वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी काकीला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, काकी, तुझं कसं चाललंय? ती रडली. नऊ वर्षं मी तिला फोन करत होते आणि प्रत्येक फोन आईबद्दल होता.

मग वाडीतल्या मुंबईकरांचा ग्रुप आहे, त्यावर हा धागा टाकला. वाद झाले. एक-दोघं म्हणाले शेजाऱ्याला पैसे देणं म्हणजे नात्याचा बाजार. पण पाच कुटुंबं तयार झाली. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम एका खात्यात टाकायची. काकी आणि वाडीतली आणखी एक जण दिवसा, पगारावर, पाचही घरांत. आईकडे रात्री झोपायला आलटून पालटून तिघी येतात. तालुक्याच्या ठिकाणच्या एका नोंदणीकृत न्यासाने पगार आणि हजेरी आपल्याकडे घेतली, कारण काकीने अट घातली: पैसे तुमच्या हातून नकोत, मला तुमच्याशी हिशेबाचं बोलायला लावू नका. केवढं शहाणपण! त्याच न्यासाची नर्स दर मंगळवारी वाडीत येते, पाचही जणांचं ब्लडप्रेशर आणि साखर बघते, टाचा बघते. शुभ्र_टोपी ताई, टाचांचं मी त्यांना सांगितलं, त्या म्हणाल्या हे सांगणारी बाई नक्की जुनी सिस्टर असणार.

न्यासाशी कागदावर एक गोष्ट लिहून घेतली आहे, सातबारा यांच्या सल्ल्याने: आई पूर्ण झोपून राहिली आणि वाडीत झेपेना झालं, तर त्यांच्या निवासातल्या खाटांत तिला जागा, आणि "स्वतःचे स्वतः" ही अट तिला लागू नाही. यासाठी तीन बैठका झाल्या. पाचही घरांतल्या माणसांची सत्तरीवरच्यांसाठीची आयुष्मान कार्डंही काढून घेतली. त्याला उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. ते काम काकीच्या मुलाने एका दुपारी मोबाईलवर केलं. वेळ लागला तो फक्त आधार जुळवायला, कारण बोटांचे ठसेच उमटत नव्हते. भात लावून लावून पुसलेले.

न्हाणी आत घेतली. चिऱ्याच्या भिंतीत सिमेंट भरून दांडी बसवली. आई आली त्या दिवशी पुन्हा तीच आरामखुर्ची, तेच दोन बांबू, या वेळी बासष्ट पायऱ्या खाली. दादा आणि माझा मुलगा दोघांनी खांदा दिला. मुलगा २३ वर्षांचा आहे, खाली पोचल्यावर त्याचे हात थरथरत होते. घाटीच्या बाजूने लोखंडी रेलिंग आणि मधे दोन ठिकाणी बसायला चौथरा, असं ग्रामपंचायतीकडे लेखी दिलं आहे. पूररेषा, तुमच्या मुद्द्यावरून जून उजाडायच्या आत बॅटरीचे दिवे आणि आठवड्याची औषधं पाचही घरांत ठेवायची ठरली आहे.

आई ओटीवर बसते. चालते वॉकर घेऊन, मागीलदारी जायला अजून घाबरते. एकदा मी फोनवर सवयीने विचारलं, आज भरती किती वाजता? म्हणाली, "ऐकू येतेय ना मला, तुला कशाला सांगू?"

बाकावरून काका, तुमच्या चहाचं तिला वाचून दाखवलं. तिने विचारलंय, तुम्ही साखर किती घालता?

एक अडचण अजून आहे. गुरुवारची रात्र रिकामी आहे. जी यायची तिची सून बाळंतपणासाठी आलीय, त्यामुळे दोन महिने ती येऊ शकत नाही, सध्या काकीच दिवस करून रात्रही काढते, ते मला बरं वाटत नाही. गुहागर, शृंगारतळी, वेलदूर या बाजूला कुणाच्या ओळखीची एखादी ताई असेल, आठवड्यातून एक रात्र, पगार न्यासाकडून, जाण्या-येण्याची रिक्षा आमची, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.